माटोळीवरची निळी दोरी

घरातला इंटरनेटचा स्विच स्वतःच बसवायचा असं मी ठरवलं, तेव्हा माझं डोकं पूर्णपणे ठिकाणावर होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकीकत ऐकली की बरेच जण याच मुद्द्यावर अडतात.

मी पेडण्यात एका सरकारी कचेरीत हेड क्लार्क आहे. घर धारगळहून आत, डोंगराला पाठ लावून बसलेल्या एका वाड्यावर. वाड्यावर मोबाईलला रेंज मिळते ती फक्त विहिरीच्या कट्ट्यावर, आणि तीही बोलण्यापुरती. आमची एकुलती एक मुलगी विनिता बंगळूरला कंप्युटरच्या कंपनीत लागली त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. त्याआधीच्या चवथीला तिला रजा मिळाली नाही. आमचा गणपती पाच दिवसांचा, घरभर माणसं, आणि सत्यवती (म्हणजे आमची ही) नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळताना दर घाण्याला डोळे पुसत होती. विचारलं तर म्हणाली, धूर गेला. गॅसच्या शेगडीला धूर कुठून आला, हे मी विचारलं नाही. मलाही थोडा धूर लागत होता.

पुढच्या चवथीच्या पंधरा दिवस आधी विनिताचा फोन आला. मी छत्री घेऊन विहिरीवर उभा होतो.

"पप्पा, साहेब म्हणता, घरांतल्यान काम करता जाल्यार वच. पूण चवथीदिसाच अकरा वरांचेर भायल्या देशांतल्या गिरायकांवांगडा मीटिंग आसा. ती चुकली जाल्यार म्हाका रातच्या बशीन परत येवचें पडटलें. आमगेर नॅट बरें आसा मूं?"

"एकदम फर्स्ट क्लास," मी म्हणालो.

हे साफ खोटं होतं. आमचा राऊटर पुढच्या सोप्यात आहे, कारण वायर टाकणारा माणूस पहिली भिंत दिसताच थांबला होता. भिंती चिऱ्याच्या, दीड हात जाडीच्या. सोप्यातून निघालेलं नेट विनिताच्या मागच्या खोलीपर्यंत पोचायचंच नाही. त्यातून राऊटरची चार भोकं. त्यातली तीन आदल्या वर्षी माडावर वीज पडली तेव्हा मेली. म्हणजे एका जिवंत भोकातून वायर बाहेर काढायची, ती एका डब्यात घालायची आणि त्या डब्यातून हव्या तितक्या वायरी घरभर न्यायच्या. त्या डब्याला स्विच म्हणतात.

हे काम एखाद्या जाणकाराला द्यायला हवं होतं, कबूल. पण चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात गोव्यात जाणकार मिळत नाहीत. वायरमन, प्लंबर, गवंडी, कोणालाही फोन करा, उत्तर एकच येतं: "चवथ जातकच", म्हणजे चवथ झाल्यावर. मी तिघांना फोन केले आणि तिघांनीही 'हॅलो'च्या आधी 'चवथ जातकच' म्हटलं.

शिवाय माझ्याकडे पात्रता होती. दोन वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत असंच नेटवर्क बसलं, तेव्हा स्विचच्या खोक्यातून सुरक्षेच्या सूचनांचा एक कागद निघाला. साहेबांनी तो माझ्याकडे देऊन सांगितलं, याचं परिपत्रक काढा. मी ते टाईप केलं आणि शिपायासकट अकरा जणांच्या सह्या घेतल्या. ज्याने परिपत्रक काढलं त्याला विषय कळलेला असतो, असं सरकारात धरून चालतात. त्या मूळ कागदाची एक झेरॉक्स मी घरीही आणून ठेवली होती. (का, ते विचारू नका. घरात माझ्या अशा सात फायली आहेत आणि सत्यवतीने त्यांच्यावर पापडाचे डबे ठेवले आहेत.)

म्हापशाहून आठ भोकांचा स्विच आणला. दोन्ही टोकांना क्लिपा लावलेल्या तीन लांबलचक निळ्या वायरी आणल्या. पहिली राऊटरपासून स्विचपर्यंत. दुसरी स्विचपासून विनिताच्या खोलीपर्यंत. तिसरी पाहुण्यांसाठी, कारण आमचे पाहुणे देवाला हात जोडायच्या आधी वायफायचा पासवर्ड विचारतात. त्यासाठी वायफायचा एक जादा डबा माझा मेहुणा शिवदास डिचोलीहून घेऊन येणार होता.

अडचण आली ती भिंतीची. घराला नुकताच रंग दिला होता. मी हातोडी उचलली तशी सत्यवती म्हणाली, "चवथ जायसर वण्टीक एक खिळो मारचो न्हय."

म्हणून मी वर पाहिलं. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी पट्ट्यांची चौकट छताला टांगायची आणि तिला नारळ, सुपारीची शिपटी म्हणजे घोस, केळ्यांचे घड, मोठ्या लिंबासारखं तोरिंजन, काकड्या आणि रानातली सगळी फळं लटकवायची. चौकट तेवढी आधीच टांगलेली होती. तिन्ही वायरी त्या चौकटीवरून नेल्या तर एकही खिळा लागणार नव्हता. स्विच मखराच्या बाजूच्या फळीवर ठेवला. माझ्या बुद्धीचं मला कौतुक वाटलं. (इतर कोणाला वाटलं नाही, पण तेव्हा इतर कोणी तिथे नव्हतं.)

चवथीच्या दोन दिवस आधी, दुपारी, मी कागद समोर ठेवून कामाला लागलो. फळीच्या मागे अंधार, म्हणून सत्यवतीच्या हातात टॉर्च दिला.

"बांगड्यो काड," मी म्हणालो.

"कित्याक?"

"सूचना क्रमांक एक. अंगार धातू आसूंक जायना."

"ह्यो कांचेच्यो."

"बरें. आनी मंगळसूत्र?"

टॉर्च बंद झाला. मग अंधारातून आवाज आला, "चवथीच्या तोंडार घोव बायलेक म्हणटा मंगळसूत्र काड. तुमच्या त्या कागदाक आवय-बापूय आसा काय ना?"

मी तिला त्या कलमातून सूट दिली. स्वतः मात्र अंगठी काढली, घड्याळ काढलं आणि कमरेचा पट्टाही काढला, कारण त्याला पितळेचं बक्कल होतं. पट्टा काढल्यावर पुढचं सगळं काम मला एका हाताने करावं लागलं, कारण दुसऱ्या हाताने पँट धरायची होती.

सूचना क्रमांक दोन: वायरी जोडताना विजेचा पुरवठा बंद असावा. कागदात म्हटलं होतं स्विचचा. मी खबरदारी म्हणून घराचा मेन बंद केला. स्वयंपाकघरात मिक्सरमध्ये वाटप अर्धं वाटून थांबलं. त्यावर सत्यवती जे बोलली ते इथे देत नाही.

सूचना क्रमांक पाच: वायरीच्या दोन्ही टोकांना खुणेच्या चिठ्ठ्या लावाव्यात. हे माझ्या हातचं काम. 'इनवर्ड १', 'आऊटवर्ड १', 'इनवर्ड २', 'आऊटवर्ड २' अशा चिठ्ठ्या केल्या, खाली तारीख घातली आणि सही केली. (सहीची गरज नव्हती. हात आपोआप वळला.) सूचना सात: वायर मुरगळू नये. सूचना आठ: 'टक्' आवाज येईपर्यंत क्लिप आत ढकलावी. सूचना नऊ: वायरीवर कसलंही वजन टांगू नये. सगळं झालं, पंधरा वेळा टक्-टक् करून पाहिलं, मग मेन चालू केला. स्विचवर दोन हिरवे दिवे लागले, शांतपणे, अधूनमधून डोळा मिचकावत. मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनिता आली. बॅग ठेवायच्या आधी तिने लॅपटॉप उघडून वायर लावून पाहिली. "पप्पा, बंगळूरांतय इतलें बरें चलना," ती म्हणाली. तीस वर्षांच्या नोकरीत मला असं सर्टिफिकेट मिळालं नव्हतं.

सत्यवती दारात उभी होती. "म्हळ्यार पांचूय दीस तूं काम करतलें?"

"सकाळीं णव ते सांजे स, आई. मागीर हांव मेकळेंच."

"सांजे स," सत्यवतीने संध्याकाळच्या सहाचा हिशेब केला आणि ती आत गेली. मी तेव्हा स्विचवरची धूळ पुसत होतो, त्यामुळे तिकडे माझं फारसं लक्ष नव्हतं.

चवथीच्या दिवशी पहाटेच शिवदास पिकअप घेऊन आला. पूर्वी त्याचा खनिजाचा ट्रक होता. खाणी बंद पडल्यावर आता तो पिकअप चालवतो आणि वर्षभर माटोळीचा विचार करतो. डिचोलीच्या बाजारातला निम्मा माल त्याने उचलून आणला होता. वायफायचा डबा मात्र आणला नव्हता.

"विसरलों, भावजी. पूण हें पळयात," असं म्हणून त्याने माझ्या तोंडासमोर नारळाएवढं तोरिंजन धरलं.

तो चौकटीपर्यंत चढला आणि माझ्या निळ्या वायरी बघून खूश झाला. "बरी दोरी हाडल्या. घट आसा." मी खाली पोचेपर्यंत त्याने 'आऊटवर्ड २' वर एक काकडी आणि दोन नारळ लटकवले होते. मी त्याला सूचना क्रमांक नऊ वाचून दाखवली. तो हसला, पण भावजींचा मान म्हणून त्याने ते सोडून केवणीच्या दोरीने चौकटीला बांधले. केवण हे रानातलं झुडूप. त्याच्या सालीची दोरी शिवदास स्वतः वळतो आणि तिच्याबद्दल स्वतःच्या मुलांपेक्षा जास्त बोलतो.

तास-दीड तासात माटोळी भरली, मधोमध एक भलामोठा भोपळा. गणपती मखरात बसला. भटजी आले. आणि शिवदास वर बघून म्हणाला, "भावजी, हें कितें?"

तिसऱ्या वायरीचं मोकळं टोक गणपतीच्या मुकुटाच्या बरोबर वर, वीतभर अंतरावर लोंबत होतं. 'आऊटवर्ड ३', माझ्या सहीसकट.

"तुवें डबो हाडूंक ना, ताची वायर ती."

"देवाच्या माथ्यार रिती दोरी लोंबूंक जायना. माटोळेची एक दोरी आमी रिती सोडिनांव. एक तर काडात, ना जाल्यार हांव हें तोरिंजन बांदतां."

काढायची तर ती वायर आता तीन केळ्यांच्या घडांखालून आणि चार शिपट्यांमागून गेली होती. तोरिंजन बांधायचं तर सूचना क्रमांक नऊ आडवी येत होती. भटजी घड्याळाकडे बघत होते. अशा वेळी क्लार्कच्या अंगातला क्लार्क जागा होतो. बाहेर पाठवलेल्या कागदाचा पत्ता सापडला नाही, तर तो कुठे जातो? परत मूळ टेबलावर. मी ते मोकळं टोक ओढून फळीपाशी आणलं. स्विचला पाच भोकं रिकामी होती. त्यातल्या एकात ते घातलं. टक्.

लागलीच स्विचवरचे सगळे दिवे जे पेटले ते धडाधड नाचायलाच लागले. माझ्या मनात आलं, वेग वाढला. बाजूला सत्यवती समईत तेल घालत होती. तिने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पळय," मी दिव्यांकडे बोट दाखवून म्हणालो.

"पळयतां," ती म्हणाली.

पूजा झाली, आरती झाली. आलेल्या प्रत्येकाने माटोळीचं आणि माझ्या दिव्यांचं कौतुक केलं. शेजारच्या सुमंगलावहिनी तर म्हणाल्या, "यंदां लायटिंग कितें बरें केलां हो." मी नम्रपणे मान हलवली.

अकराला दहा मिनिटं कमी असताना विनिता बाहेर आली. नवीन साडी, कानात हेडफोन, आणि चेहरा पांढरा. "पप्पा, नॅट ना."

"आसतलें. भितर वचून परत पळय."

"सोप्यांतलें वायफायय बंद पडलां. कांयच ना."

मग मी जे केलं ते सगळं कागदाप्रमाणे केलं. अंगठी काढली. घड्याळ काढलं. पट्टा काढला, पाहुण्यांदेखत. मेन बंद केला. पंखे थांबले आणि तीस माणसं आरतीच्या पुस्तकांनी वारा घेऊ लागली. पहिली वायर काढून घातली. दुसरी काढून घातली. टक्, टक्. तिसरीला हात लावला नाही, कारण ते प्रकरण निकालात निघालेलं होतं आणि निकाली फाईल आम्ही उघडत नाही. मेन चालू केला. दिवे पुन्हा नाचले. नेट नाही.

"तुज्या दुदयाचें वजन पडलां वायरीर," मी शिवदासला म्हणालो. "काड तो भोपळो."

"भावजी, बांदिल्ली माटोळी विसर्जन जायसर सोडूंक जायना."

"म्हज्या चलयेची मीटिंग आसा."

"म्हज्या भाचयेची आसा. पूण देव सगळ्यांचो."

मी खुर्ची ओढली. मागून सत्यवतीचा आवाज आला, "त्या कदेलार चडूं नाकात, ताचो पांय हालता." पण मी चढलो होतो. एका हातात पँट, दुसरा हात भोपळ्याकडे. कदेलाचा पाय नुसता हलला नाही, तो निघून गेला. मी समोर जे आलं ते धरलं, आणि समोर केळ्यांचा घड आला. दोनेक क्षण मी गणपतीच्या उजव्या हाताला, घडाला मिठी मारून लटकत होतो. पँट कोणीच धरलेली नव्हती. खाली लहान मुलांनी टाळ्या वाजवल्या.

लोकांनी मला उतरवून घेतलं. शिवदासने आधी दोरी तपासली, मग मला. "पळयलें? पंचाऐशी किलो. केवणीची दोरी ही," तो सगळ्यांना सांगू लागला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी विनिता छत्री घेऊन विहिरीकडे गेली. मी सोप्यात उभा राहून तिच्याकडे बघत होतो. ती बोलत होती, मान हलवत होती, मध्येच नुसती ऐकत होती. दीड वर्षाने मुलगी घरी आलेली, आणि तिला त्याच रात्रीच्या बसमध्ये बसवायचं काम मी माझ्या हाताने, सूचनावार केलं होतं. एखाद्या वायरमनच्या पाया पडलो असतो तर काय बिघडलं असतं? मला रडूच यायचं बाकी होतं. मागे स्वयंपाकघरात सत्यवती शांतपणे नेवऱ्यांना मुरड घालत होती. हिच्या काळजाला काही वाटत कसं नाही, म्हणून मला तिचाही राग आला.

विनिता परत आली. छत्री मिटली.

"कितें म्हणालो साहेब?" मी विचारलं.

"आदीं तापलो. मागीर म्हणालो, नॅटूच ना जाल्यार येवनूय कितें करतलें, पावतासर मीटिंग सोंपतली. दुसऱ्यान सांबाळ्ळी ती. म्हाका म्हणालो, विसर्जनामेरेन रजा घे आनी मागीर यो." तिने छत्री कोपऱ्यात ठेवली. "पप्पा, म्हाका पांच दीस रजा मेळ्ळी."

सत्यवती आतून म्हणाली, "साडी बदल आनी हांगा यो. नेवऱ्यांचें पीठ मळूंक जाय."

त्यानंतरचे दोन दिवस घर कसं भरलेलं होतं म्हणून सांगू. मायलेकी पहाटेपासून स्वयंपाकघरात, दुपारी फुगड्या, संध्याकाळी आरतीला विनिताच्या हातात टाळ. सत्यवतीला या खेपेला कसलाच धूर लागला नाही. मी सुखात होतो. पण तो डबा रात्रंदिवस माझ्याकडे बघून नाचत होता, आणि ते मला सहन होईना. परिपत्रक काढणाऱ्या माणसाची एक इज्जत असते.

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर सगळे आडवे झाले तेव्हा मी तो कागद घेऊन पुन्हा फळीसमोर बसलो. सूचना एक ते बारा, सगळ्या पाळलेल्या. हताश होऊन कागद खाली टाकला, तो उलटा पडला. मागच्या बाजूला आणखी एक सूचना होती. (कचेरीतलं परिपत्रक मी पुढची बाजू बघूनच काढलं होतं. अकरा जणांनी सह्या केल्या, एकानेही पान उलटलं नाही. सरकारी खात्यात याला एकमत म्हणतात.) सूचना क्रमांक तेरा: एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये घालू नयेत, घातल्यास तीच माहिती आत गोल गोल फिरत राहते आणि सगळं नेटवर्क बंद पडतं.

मी 'आऊटवर्ड ३' बाहेर ओढलं. दिवे थांबले. मग दोनच लागले, शांत, डोळा मिचकावत. टोक गणपतीच्या माथ्यावर लोंबू नये म्हणून फळीवरच फुलांच्या परडीत ठेवलं, सोप्यात धावत जाऊन फोनवर पाहिलं. नेट आलं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"चूक सांपडली. नॅट चालू जालें," मी जाहीर केलं.

विनिताचे हात कोपरापर्यंत पिठात होते. तिने आईकडे पाहिलं. सत्यवतीने लाटणं खाली ठेवलं, पदराला हात पुसले, माझ्या बाजूने बाहेर गेली. मी मागोमाग. ती फळीपाशी पोचली. अंगठी काढली नाही, बांगड्या काढल्या नाहीत, मेन बंद केला नाही. परडीतून ते टोक उचललं आणि त्याच भोकात, न चाचपडता, घातलं. टक्.

दिवे नाचायला लागले.

"हें भोंक न्हय मूं?" तिने विचारलं.

"तुका कशें कळ्ळें?"

"तुमी घातलें म्हज्या दोळ्यांमुखार. घातलें तशें त्या डब्याक कापरें भरलें. तें कळूंक कागद कित्याक जाय?"

"मागीर त्याच दिसा सांगूंक ना कित्याक? हांव त्या कदेलावयल्यान पडलों."

"कदेलाचें सांगलेलें," ती म्हणाली आणि नेवऱ्यांकडे परत गेली.

विसर्जन झाल्यावर, सहाव्या दिवशी, सत्यवतीनेच ते टोक काढलं, विनिताने दोन तास काम केलं आणि रात्रीच्या बसने गेली. मी कचेरीत सुधारित परिपत्रक काढलं, दोन्ही बाजूंचं. अकरा सह्या झाल्या.

यंदा पुन्हा चवथ जवळ आली. विनिताने साहेबांना पाच दिवसांच्या रजेचा अर्ज पाठवला. त्यात ना प्रकृतीचं कारण, ना सणाचं. एकच ओळ होती: या वर्षीही घरचं नेटवर्क वडील स्वतः बसवणार आहेत. रजा त्याच दिवशी, काही शंका न काढता, मंजूर झाली.